मोकळा म

माझे वडील वारले तेव्हा सांत्वनाला आलेल्या सगळ्यांना मी आभाराची कार्डं पाठवली. त्यातलं एक चौथ्या दिवशी परत आलं. पत्ता चुकला नव्हता. 'माझे वडील' या शब्दांभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ होतं. आमच्या भाषेत 'माझे' म्हटलं की पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं, वडील म्हणजे 'ताद', त्याचा 'न्हाद' होतो; मी 'ताद'च लिहिलं होतं. हे पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. मी एक्केचाळीस वर्षांची होते आणि तीन दिवस झोपले नव्हते. कार्डाच्या मागच्या बाजूला त्याच लाल पेन्सिलीनं माझ्या वडिलांवर चार ओळी लिहिलेल्या होत्या. त्या वाचून मी पहिल्यांदा नीट रडले. आज त्यांच्या थडग्याच्या दगडावर त्याच ओळी आहेत. ओळींखाली लिहिलं होतं, 'शुद्धलेखनाकडे लक्ष दे. कादवान बेब.'

कादवान सर हे असे होते. माणसाला त्यांचा राग धड पुरा करता यायचा नाही.

पेन्त्रेगारोच्या प्राथमिक शाळेत त्यांनी तेहतीस वर्षं काढली. त्यांनी कोणावर हात उगारला नाही, नुसता उसासा टाकायचे. तो उसासा छडीपेक्षा वाईट होता, कारण छडी संपते. कवितेच्या तासाला ते आम्हाला नदीवरच्या पुलावर न्यायचे आणि एका पावलाला एक अक्षर अशी ओळ चालायला लावायचे. सात पावलं झाली की वळायचं. आमच्या वयाची माणसं आजही दुकानातून बाहेर पडताना सात पावलांवर क्षणभर अडखळतात. पाहुण्यांना वाटतं, गावात गुडघ्याचं काहीतरी दुखणं आहे.

नेस्ताकाकूंना त्यांनी लग्नाची मागणी कवितेत घातली होती. काकू तेव्हा नर्स होत्या आणि त्यांच्याकडे वेळ कमी असायचा. त्यांनी कागद वाचला आणि तिसऱ्या ओळीत एक अक्षर जास्त आहे एवढंच म्हणाल्या. सर तसेच चार मैल घरी परत गेले, ओळ दुरुस्त केली आणि पुढच्या आठवड्यात आले. मधल्या काळात काकू बँकेतल्या एका कारकुनाबरोबर सिनेमा बघून आल्या होत्या. हे त्या पन्नास वर्षं दर नाताळला सांगत असत आणि सर दर नाताळला म्हणत की ओळ मात्र सुधारली.

आता छंदाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळी भानगड तिथेच आहे. आमच्या जुन्या छंदात ओळीचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात जी व्यंजनं येतात ती त्याच क्रमानं दुसऱ्या भागात यावी लागतात. इकडे र, त, ल, ग आलं तर तिकडेही र, त, ल, ग. मधले स्वर कोणतेही चालतात. बाहेरचे लोक याला वेड म्हणतात. गावातलेही म्हणतात, पण हळू आवाजात. यात एक छोटी सवलत आहे. ओळीच्या अगदी आरंभी 'न' आला आणि दुसऱ्या भागात त्याला जोडीदार नसला तरी माफ असतं. सर त्याला मोकळा न म्हणत. या सवलतीवर एखाद्याचं आयुष्य अडेल असं कोणाला वाटलं नसतं.

एकोणनव्वदच्या हिवाळ्यात सरांनी चॅपलच्या मागच्या खोलीत रॉकेलचा हीटर लावून मोठ्यांसाठी छंदाचा वर्ग काढला. नऊ जण आले. शाळेची बस चालवणारा हेविन, किराणा दुकानाची तेगवेन, इथेल सुतार आणि बाकीचे असेच. मी गेले नाही. मी पोस्टाच्या खिडकीत बसत होते आणि मला कवितेचं अंग नाही. सरांनी प्रत्येकाला नियमांचा एक सायक्लोस्टाइल केलेला कागद दिला आणि हा पाठ झाला की दुसरं काही लागत नाही असं बजावलं. त्यांनी दोन हिवाळे शिकवलं. सरांचं त्या नऊ जणांवर जे प्रेम होतं ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. फक्त त्यांनी पाठवलेली वाढदिवसाची कार्डं तपासून परत जात नसत.

त्यानंतर चार वर्षांनी सर आमच्या गावच्या आइस्तेद्वोदमध्ये कवितेचे परीक्षक झाले आणि मी कमिटीची सेक्रेटरी झाले. मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी गावच्या हॉलमध्ये हा मेळा भरतो. गाणं, पाठांतर, हातानं कोरलेली काठी, लिंबाचा मुरंबा, सगळ्याच्या स्पर्धा होतात. शेवटी खुर्ची. चांगल्या कवीला आम्ही ओकच्या लाकडाची नवी खुर्ची देतो. कवितेवर टोपणनाव असतं आणि खरं नाव बंद पाकिटात. परीक्षक मंचावरून निकाल वाचतो, बिगुल वाजतो, टोपणनाव पुकारलं जातं, आणि प्रेक्षकांत बसलेला कवी उभा राहतो. तोपर्यंत त्याच्या बायकोलाही माहीत नसतं, निदान तसं मानायचं असतं. न जिंकणाऱ्यांची पाकिटं न उघडता जाळायची आणि कविताही नष्ट करायच्या, हा नियम सरांनीच करून घेतला होता. हरणाऱ्याची लाज राखली पाहिजे असं त्यांचं म्हणणं होतं.

आणि लायक कविता नसेल तर खुर्ची द्यायची नाही.

बावीस वर्षांत सरांनी खुर्ची तीनदा दिली. तिन्ही वेळा उभा राहिलेला माणूस डोंगरापलीकडचा होता. एकोणीस वेळा त्यांनी मंचावर येऊन चष्मा पुसला आणि सांगितलं की या वर्षी खुर्चीला लायक कोणी नाही, ओळीच्या तोंडाशी तोच तो जुना रोग आहे, ज्याला झालाय त्याला कळेल. कोणालाच कळत नसे. परीक्षकानं मंचावरून शिकवणी घेऊ नये हा आणखी एक नियम. त्यांना विचारायला जावं तर आपण कविता पाठवली होती आणि हरलो हे कबूल करावं लागणार, आणि पेन्त्रेगारोत माणूस त्यापेक्षा मेंढी चोरल्याचं कबूल करील. लोक टाळ्या वाजवायचे. कशाबद्दल ते कोणी विचारत नसे. बिगुलवाला पलीकडच्या गावाहून येऊन बिगुल न वाजवता चहा पिऊन जायचा. त्याला आधी फोन करून येऊ नको म्हणावं, तर निकाल फुटतो.

इथेल सुतारानं चौथी खुर्ची केली तिला अकरा वर्षं झाली होती. दर मे महिन्यात ती चॅपलच्या मागच्या खोलीतून निघायची, पॉलिश व्हायची, मंचावर बसायची आणि परत जायची. जानेवारीतल्या मीटिंगमध्ये इथेल उठला आणि म्हणाला, "मी खुर्च्या करतो. स्मारकं करत नाही." ठराव झाला की या वर्षीही खुर्ची रिकामी राहिली तर ही स्पर्धा कायमची बंद. मी मिनिट्स लिहून घेतले. सर कोपऱ्यात बसले होते. मी त्यांच्याकडून खुर्च्यांवरच्या उशांच्या संख्येपासून पाट्यांच्या स्पेलिंगपर्यंत वाट्टेल त्या हरकतीची तयारी ठेवली होती. त्यांनी हरकत घेतली नाही. ते म्हणाले की तेही या वर्षी थांबणार आहेत, एकोणऐंशी झालं, डॉक्टर जिने चढू नका म्हणतो. मग टोपी हातात फिरवत म्हणाले, "माझ्या वर्गातला एक जण त्या खुर्चीत बसलेला बघायचा होता. एकच."

तेगवेननं बिस्किटांची थाळी उगाचच सरकवली.

एप्रिलमध्ये दोन कविता आल्या. विषय होता 'फाटक'. मी त्या सरांच्या घरी नेऊन दिल्या. त्यांच्या बैठकीच्या खोलीत त्रेसष्ट साली त्यांनी स्वतः जिंकलेली खुर्ची आहे. तिच्यात बसायची परवानगी फक्त मांजराला. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. पहिली कविता त्यांनी दोन मिनिटांत बाजूला ठेवली. दुसरीवर टोपणनाव होतं 'दगडी पूल'. ती वाचायला घेतली आणि त्यांचा चहा गार झाला. शेत गेलंय, कुंपण गेलंय, फाटक तेवढं उरलंय आणि म्हातारा रोज ते उघडून, आत जाऊन, मागे नीट लावून घेतो, अशी काहीतरी ती होती. सर मोठ्यानं वाचत होते. मला छंद कळत नाही, पण बोटांनी टेबलावर ठेका धरला गेला. नेस्ताकाकू सिंकपाशी पाणी बंद करून उभ्या राहिल्या.

"चाळीस वर्षांत या दरीत असं कोणी लिहिलं नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज मला नवा होता.

मग लाल पेन्सिल अकराव्या ओळीवर थांबली. तो उसासा मी पन्नास वर्षांनी पुन्हा ऐकला.

"म," ते म्हणाले. "पुन्हा म. ओळीच्या तोंडाशी म सोडून दिलाय, पुढे जोडीदार नाही. कोणी सांगितलं या लोकांना म मोकळा असतो म्हणून? न मोकळा असतो. न. बावीस वर्षं सगळी दरी हीच चूक करते. मला तर रेडिओचा संशय आहे."

असा तो जुना रोग मला पहिल्यांदा कळला. आमच्या भाषेत बोलणं सुरूच 'माए'नं होतं. माए म्हणजे आहे. आहे पाऊस, आहे मेंढी हरवलेली, आहे म्हातारी अंथरुणात. ओळीच्या आरंभी म फुकट मिळतो असं एखाद्याला वाटलं तर तो दर दोन ओळींनी 'माए' लिहील यात नवल नाही. मी म्हटलं, सर, एक अक्षर आहे. ते म्हणाले की धरणाला पडलेलं भोकही एकच असतं. काकूंनी नळ पुन्हा सोडला, जरा जास्तच.

मी घरी जाऊन ठरावाच्या कागदाकडे बघत बसले. माझा संताप कोणावर काढावा हे ठरेना, म्हणून मी शेगडी घासली.

त्या गुरुवारी माझी गाडी गॅरेजमध्ये होती. गुरुवारी हेविन पोरांना शाळेत सोडून म्हाताऱ्यांना बाजाराला नेतो, मी त्याच्या मागच्या सीटवर बसले. पुलापाशी रस्त्याचं काम चालू होतं, बस दहा मिनिटं उभी होती. हेविननं उन्हाची झडप खाली ओढली. झडपेला प्लास्टिकमध्ये घातलेला एक जुना कागद क्लिपनं लावला होता. टाइप केलेला, निळसर शाईचा. तो ओठ हलवत वाचत होता.

मी विचारलं, काय रे, रोजची प्रार्थना का?

"तसंच समज. सरांचे नियम. सत्तावीस वर्षं झाली, आता डोळे मिटूनही दिसतात."

मी पुढे वाकून वाचलं. सातवा नियम: 'ओळीच्या आरंभीचा म मोकळा.'

मी तो तीनदा वाचला. मग शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं की हा म मोकळा असतो हे नक्की का.

"अगं, तोच तर एक नियम आहे जो कधी अडचणीत आणत नाही," हेविन म्हणाला. "आम्हा नऊ जणांना झोपेतून उठवून विचार."

त्याच्याकडून तो कागद सोडवून घेणं सोपं गेलं नाही. मुरंब्याच्या स्पर्धेचे नियम त्याच नमुन्यात छापायचे आहेत असं मी खोटं सांगितलं. तो म्हणाला, शनिवारच्या आत परत दे, तेलाचा डाग पडू देऊ नकोस.

मी बाजारातून परस्पर सरांकडे गेले. कागद टेबलावर ठेवला आणि सातव्या नियमावर बोट ठेवलं. सरांनी आधी पाचव्या नियमातला एक स्वल्पविराम चुकलाय असं सांगितलं. मग सातवा वाचला. मग चष्मा काढून, पुसून, पुन्हा वाचला.

"हे नेस्तानं टाइप केलं," ते म्हणाले.

काकू कांदा चिरत होत्या. "त्या हिवाळ्यात मी बहिणीच्या बाळंतपणाला गेले होते. तुम्ही एका बोटानं टाइप केलंत आणि मला पत्रात कळवलंत की आता तुम्हाला माझी गरज नाही."

सर उठले. कपाटातून टाइपरायटर काढला, झाकण उघडलं. न आणि म शेजारी शेजारी असतात. त्यांनी उजव्या हाताचं बोट न वर ठेवलं, ते थोडं घसरलं, म वर गेलं. त्यांनी ते दोनदा करून बघितलं. बोटाकडे असं बघत राहिले जसं ते दुसऱ्या कोणाचं आहे.

"हा कागद कोणाचा?" त्यांनी विचारलं आणि लगेच हात वर केला. "नाही, सांगू नकोस. मी परीक्षक आहे."

मी थांबले. मला वाटलं, आता सुटलं सगळं. सर बसले आणि म्हणाले की याचं वाईट वाटतं, फार वाईट वाटतं, पण ओळीत दोष आहे तो आहेच. दोष कुठून आला हे छंद विचारत नाही. सदोष कवितेला खुर्ची दिली तर पुढच्या पिढीला काय सांगायचं?

पुढची पिढी म्हणजे कोण हे मला दिसेना. त्यांच्या वर्गातले पाच जण चॅपलच्या मागे मातीत होते आणि त्यांच्यासाठी चार-चार ओळी सरांनीच लिहिल्या होत्या, निर्दोष.

आयुष्यात एकदाच मी सरांशी चढ्या आवाजात बोलले. "सर, बावीस वर्षं तुम्ही स्वतःलाच नापास करताय."

"तेही चांगल्या मार्कांनी," काकू कांद्याकडे बघत म्हणाल्या.

मी कागद उचलून निघाले. दारापाशी त्यांनी हाक मारली. मला आशा वाटली. ते म्हणाले की मुरंब्याच्या पाटीवर गेल्या वर्षी एक चूक होती, या वर्षी बघ.

मी कागद हेविनला परत दिला. काही सांगितलं नाही. काय सांगणार?

शनिवारी हॉल भरला. ठरावाची बातमी पसरली होती. माणसं एखाद्याचा शेवटचा सामना बघायला येतात तशी आली होती. इथेलनं खुर्ची पुसली नव्हती, मुद्दाम. हेविन मागच्या रांगेत टाय लावून बसला होता. त्याला टायमध्ये मी त्याच्या लग्नानंतर पहिल्यांदा बघत होते आणि तेव्हाच माझी खात्री झाली. बिगुलवाला दाराशी चहा पीत होता.

सर काठी टेकत मंचावर आले. चष्मा पुसला. पहिल्या कवितेबद्दल दोन वाक्यं बोलले. मग 'दगडी पूल' उचलली आणि सगळी वाचली. अकरावी ओळ आली तेव्हा मी खाली बघितलं. ती त्यांनी जशीच्या तशी वाचली, म सकट, आणि पुढे गेले. संपल्यावर त्यांनी कागद खाली ठेवला.

"या कवितेत एक दोष आहे," सर म्हणाले. "अकराव्या ओळीच्या आरंभी म मोकळा सोडलाय. तो मोकळा नसतो. हा दोष कवीचा नाही. तो मी एकोणनव्वद साली नोव्हेंबरात टाइप केला. माझ्या वर्गाला मी चुकीचं शिकवलं, मग माझ्याच चुकीसाठी त्यांना इतकी वर्षं परत पाठवलं. कवितेतली बाकीची प्रत्येक ओळ कवीची आहे, ती एकच माझी. माझ्या ओळीला मी शून्य देतो. बाकीच्या कवितेला खुर्ची."

नेहमीप्रमाणे लोकांना टाळ्या वाजवायच्या की नाही हे कळलं नाही. बिगुलवाल्याला तर मुळीच नाही. त्याला कोपरानं ढोसावं लागलं आणि पहिला सूर चहासकट निघाला. टोपणनाव पुकारलं गेलं. मागच्या रांगेत हेविन उभा राहिला. टाय एका बाजूला गेला होता. बायको त्याच्याकडे अशी बघत होती जशी बस चुकीच्या थांब्यावर उभी राहिलीय.

त्याला खुर्चीत बसवल्यावर सर वाकून त्याच्या कानात काहीतरी बोलले. लोकांचे डोळे भरून आले. नंतर मी हेविनला विचारलं. तो म्हणाला, "छापायच्या आधी तो म काढ, म्हणाले."

इथवर हे बरं झालं असं म्हणता आलं असतं. सोमवारी सकाळी सर माझ्या दारात. जुन्या कविता हव्यात, सगळ्या एकोणीस वर्षांच्या. मी म्हटलं, सर, तुमच्याच नियमानं नष्ट केल्या. पाकिटं? जाळली. उघडली होती का? नाही सर, तुमचाच नियम. ते माझ्या स्वयंपाकघरात बसले, म्हणाले बहुतेक वाईटच होत्या, त्यांची फिकीर नाही, पण आठ कविता अशा होत्या की ज्यांत म सोडून काही वावगं नव्हतं. त्या त्यांना पाठ होत्या. ते एकेक म्हणून दाखवू लागले आणि मी पोस्टाच्या जुन्या वहीत टोपणनावांसकट उतरवून घेतल्या, कारण नाही म्हणायचं कसं हे मला कधीच जमलं नाही. माझ्या वहीत त्यांनी तीन चुका काढल्या.

मग आम्ही वर्गातल्या उरलेल्यांकडे निघालो. सरांना प्रत्येकाला सांगायचं होतं की ती कविता तुझी असेल तर ती चांगली होती. सोपं काम. इथेल सुतारानं रंधा खाली ठेवला नाही. तो म्हणाला, मी माझ्याच हातच्या खुर्चीसाठी कविता पाठवीन होय, लोक काय म्हणतील? त्याचे कान लाल झाले होते. हेविननं हात जोडले, एकदा जिंकलो तेवढं पुरे, आधीचं काही विचारू नका. बावीस वर्षं हरलो हे कबूल करायला पेन्त्रेगारोत कोणी तयार नव्हतं, अगदी आपण खरं तर हरलो नव्हतो हे कळूनसुद्धा. मला दोघांच्या, तिघांच्या, सगळ्यांच्या मुस्काटात द्यावीशी वाटत होती.

तेगवेनच्या दुकानात आम्ही शेवटी गेलो. ती बेकन कापत होती. सरांनी काउंटरवर काठी टेकली आणि तिचं नाव न घेता, समोरच्या डब्यांकडे बघत, सत्त्याण्णव सालच्या कवितेची ओळ म्हटली.

"आहे बर्फ अजून कुंपणाच्या सावलीला."

"आणि आई हाक मारते गेलेल्या उन्हाला," तेगवेन म्हणाली. तिची सुरी थांबली नव्हती.

मग थांबली.

सरांनी तिच्याकडे बघितलं. तेगवेननं पातळ कागद ओढला, बेकन गुंडाळलं, दोरी बांधली, गाठ मारली, आणि वर न बघता म्हणाली, "कुठेतरी ऐकली असेल."

"असेल," सर म्हणाले. "चांगली ओळ आहे."

त्यांनी बेकन घेतलं. डॉक्टरनं त्यांना बेकन बंद केलं होतं. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडून वही मागितली, सत्त्याण्णवचं पान काढलं आणि टोपणनावाशेजारी लाल पेन्सिलीनं एक बरोबरची खूण केली. त्यांच्या हातून ती खूण मी कधी बघितली नव्हती. थोडी वाकडी आली होती.